एका रेणूसाठी तेहतीस वर्षे

श्वासाबरोबर छातीत गेलेला प्राणवायू पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचतो कसा? शाळेच्या पुस्तकात याचे उत्तर असते. रक्तातल्या तांबड्या पेशींत हीमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते, त्यात लोह असते, आणि ते प्राणवायू वाहून नेते. इथवर सर्वांना ठाऊक आहे. पण जरा पुढे जाऊन विचारा. हे हीमोग्लोबिन फुप्फुसात ओझे उचलते आणि राबणाऱ्या स्नायूपाशी नेमके खाली ठेवते. हमालालासुद्धा ओझे कुठे उतरवायचे ते सांगावे लागते. मग या निर्जीव रेणूला कोण सांगते? या एका प्रश्नापायी मॅक्स पेरुट्झ या शास्त्रज्ञाने उमेदीची सारी वर्षे घातली. त्याची हकीकत आज सांगायची आहे.

पेरुट्झ १९१४ साली व्हिएन्नात जन्मला. घरचा धंदा कापडगिरण्यांचा. मुलाने कायदा शिकून धंद्यात यावे अशी आईवडिलांची इच्छा होती, पण पोराचा ओढा रसायनशास्त्राकडे. १९३६ साली तो केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. डी. बर्नाल याच्या हाताखाली दाखल झाला. बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट, म्हणजे पुढची सुप्रसिद्ध डोरोथी हॉजकिन, यांनी १९३४ मध्ये पेप्सिन या पाचक प्रथिनाच्या स्फटिकाचे क्ष-किरणांनी चित्र घेतले होते. त्यातली खुबी अगदी साधी होती. स्फटिक वाळू द्यायचा नाही. ज्या द्रवात तो वाढला त्या द्रवासकट काचेच्या बारीक नळीत बंद ठेवायचा. वाळलेल्या स्फटिकापासून काही हाती लागत नसे. ओल्या स्फटिकाने मात्र सुबक ठिपक्यांची रांगोळी उमटवली.

पुढच्याच वर्षी प्रागमध्ये पेरुट्झ आपल्या चुलतबहिणीच्या यजमानांना, फेलिक्स हौरोविट्झ या जीवरसायनशास्त्रज्ञाला, भेटला. हौरोविट्झने सल्ला दिला : हीमोग्लोबिन घे. ते मुबलक मिळते आणि त्याचे स्फटिकही सहज होतात. त्याने स्वतः पाहिलेली एक गंमतही होती. प्राणवायू नसलेल्या हीमोग्लोबिनचे जांभळट, षट्‍कोनी स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि काचेखालून हवा आत शिरली, की ते विरघळत आणि त्यांच्या जागी लालभडक सुयांसारखे स्फटिक तयार होत. याचा अर्थ, प्राणवायू घेताना हा रेणू आपला आकारच पालटत असला पाहिजे. हे सूत्र पेरुट्झच्या मनात पक्के रुतून बसले.

आता अडचण काय होती ते पाहू. हीमोग्लोबिनच्या एका रेणूत सुमारे दहा हजार अणू असतात. ते साध्या सूक्ष्मदर्शकाने दिसणार नाहीत, कारण आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची लहर दोन अणूंमधल्या अंतराच्या काही हजारपट मोठी. बोटांनी तांदूळ निवडता येतात, रवा निवडता येत नाही, तशातला प्रकार. क्ष-किरणांची लहर पुरेशी लहान असते. पण त्यांना एकत्र आणून चित्र उमटवील असे भिंग मिळत नाही. म्हणून भिंगाचे काम गणिताने करावे लागते. स्फटिकात एकसारखे रेणू कवायतीसारखे ओळीने उभे असतात. त्यांच्यावरून परतलेल्या लहरींचे ठिपके फिल्मवर उमटतात, आणि त्या ठिपक्यांवरून रेणूचा आकार काढायचा असतो.

पण ठिपका अर्धीच गोष्ट सांगतो. लहर किती जोराची ते कळते. ती कोणत्या क्षणी आली ते कळत नाही. ढोल-ताशाच्या पथकात कोणता ढोल किती जोरात वाजतो तेवढे कळले, पण केव्हा वाजतो ते कळले नाही, तर ताल कसा ओळखणार? लहान रेणूंच्या बाबतीत अंदाजाने भागत असे. दहा हजार अणूंपुढे अंदाज टिकेना.

त्यात काळ वाईट आला. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि ज्यू वंशाचा पेरुट्झ निर्वासित झाला. घरून येणारा पैसा बंद पडला. त्याच वर्षी कॅव्हेंडिशचा प्रमुख म्हणून आलेल्या लॉरेन्स ब्रॅगने त्याची चित्रे पाहिली आणि रॉकफेलर प्रतिष्ठानाकडून त्याच्यासाठी वेतन मिळवले. पण १९४० मध्ये ज्या देशात आसरा घेतला त्याच देशाने त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून पकडले आणि कॅनडातल्या छावणीत धाडले. १९४१ च्या आरंभी तो परतला आणि पुन्हा स्फटिकांकडे वळला.

युद्धानंतर, १९४७ साली, ब्रॅगच्याच खटपटीने सरकारी वैद्यकीय संशोधन मंडळाने पेरुट्झ आणि त्याचा सहकारी जॉन केंड्रू यांच्यासाठी एक छोटा विभाग काढला. तरीही मूळ कोडे सुटले नव्हते. १९५१ मध्ये त्याच विभागातल्या फ्रान्सिस क्रिक या विद्यार्थ्याने भर सभेत सप्रमाण दाखवले, की तुम्ही वापरता त्या पद्धतींनी हे कधीच सुटणार नाही. विद्यार्थ्याने असे तोंडावर सांगितलेले कोणाला रुचणार? पण पेरुट्झने त्याला काढून लावले नाही. क्रिकचे म्हणणे बरोबर होते.

वाट सापडली १९५३ साली. हीमोग्लोबिनच्या रेणूला ठरावीक जागी पारा चिकटवता येतो आणि तरीही तो आपले काम करतो, असे एका अमेरिकन संशोधनातून पुढे आले होते. पारा म्हणजे जड अणू. पथकात ओळखीच्या ठोक्याचा एक मोठा ढोल आणून बसवावा, आणि बाकीचे आवाज त्याच्याशी जुळून वाढतात की त्याच्या विरुद्ध जाऊन घटतात ते ऐकावे, तशी ही युक्ती. पेरुट्झने पारा लावलेल्या स्फटिकाचे चित्र तळघरातल्या अंधाऱ्या खोलीत धुऊन काढले. ठिपके जागच्या जागी होते, पण त्यांचा जोर बदलला होता! तो धावत वर गेला आणि ब्रॅगला खाली घेऊन आला. सोळा वर्षे अडलेली वाट मोकळी झाली होती.

मग केंड्रूने १९५७ साली स्नायूंतल्या मायोग्लोबिनचा आकार काढला आणि १९५९ साली पेरुट्झने हीमोग्लोबिनचा. १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून मिळाले. पण हमालाचे कोडे अजून बाकीच होते. बारीकसारीक तपशील दिसेपर्यंत काम पुढे नेऊन १९७० मध्ये पेरुट्झने त्याचे उत्तर मांडले. हीमोग्लोबिनचे चार भाग असतात आणि प्रत्येकात लोहाचा एक अणू. प्राणवायू नसताना हे लोह आपल्या कड्याच्या पातळीतून किंचित बाहेर असते. प्राणवायू येताच आत ओढले जाते. त्या हिसक्याने रेणूचा एक अर्धा भाग दुसऱ्यावर सुमारे पंधरा अंशांनी फिरतो आणि उरलेल्या जागांना प्राणवायू घेणे सोपे जाते. पंगतीत पहिला माणूस पाटावर बसला की बाकीच्यांचा संकोच जातो, तसे. उठतानाही तेच. स्नायूपाशी प्राणवायू कमी आणि आम्लता जास्त असते. तिथे एक उठला की बाकीचे उठू लागतात. रेणूला कोणी सांगत नाही. त्याच्या घडणीतच ते आहे.

आमचे विद्यार्थी विचारतात, याचा उपयोग काय? त्यांना मी नंदुरबार आणि गडचिरोली हे जिल्हे आठवायला सांगतो. तिथल्या आदिवासी बांधवांत सिकलसेलचा विकार बराच आढळतो. या रोगात हीमोग्लोबिनने प्राणवायू खाली ठेवला, की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून दोर वळतात, आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. १९५६ साली पेरुट्झच्याच विभागात व्हर्नन इनग्रॅमने रासायनिक पृथक्करणाने दाखवले, की निरोगी आणि रोगी हीमोग्लोबिनमध्ये फरक साखळीतल्या एकाच अमिनो आम्लाचा आहे. ते एक आम्ल रेणूत कुठे बसते आणि शेजाऱ्याला कसे चिकटते, हे मात्र स्फटिकांच्या अभ्यासावाचून समजले नसते. रोग्याला आराम देणारी औषधे शोधणाऱ्यांना आज याच ज्ञानाचा आधार आहे.

१९७१ मध्ये प्रथिनांच्या रचनांचा जागतिक संग्रह सुरू झाला तेव्हा त्यात अवघ्या सात रचना होत्या. आज दोन लाखांहून अधिक आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक स्फटिकांवरूनच काढलेल्या. प्रथिनाचा आकार गणकयंत्राकडून वर्तवण्याची जी विद्या अलीकडे पुढे आली, तीही याच संग्रहावर शिकली. पेरुट्झ २००२ साली वारला.

आपल्याकडे संशोधकाला दोन-तीन वर्षांत निष्कर्ष मागितला जातो. मागण्यात गैर नाही. पैसा लोकांचा असतो. पण पेरुट्झला १९५२ साली कोणी हिशेब विचारला असता, तर पंधरा वर्षांच्या कामाअखेर मूळ प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. प्रश्न मोलाचा आहे आणि माणूस प्रामाणिक आहे, हे ओळखणारा एक ब्रॅग तिथे होता. असे ब्रॅग आपल्या संस्थांतून किती निघतील, यावर आपल्याकडचे पेरुट्झ टिकणार की नाही ते ठरेल.