विश्लेषण : स्टील गिटारचा आवाज नेमका कुठे फाटतो?

व्हॅन शिप्ले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांच्या तबकड्यांनी स्टील गिटार भारतात घरोघरी पोहोचवली. आपल्याकडे तिला हवाईयन गिटार म्हणतात आणि जुन्या गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात ती अजून टिकून आहे. तिची सगळी भिस्त लांबणाऱ्या, स्वच्छ सुरावर. त्या सुराला घरघर चिकटली की वादक आधी स्पीकर बदलतो, मग ॲम्प्लिफायर. पैसे जातात, घरघर राहते. कारण बिघाड कुठे आहे हे न शोधताच भाग बदलले जातात.

आवाज फाटतो म्हणजे काय होते?

तारेच्या कंपनातून पिकअप विजेचा लहानसा तरंग तयार करतो आणि ॲम्प तो टप्प्याटप्प्याने मोठा करतो. प्रत्येक टप्प्याला मर्यादा असते. तरंग त्याहून उंच गेला की त्याचे शेंडे छाटले जातात. याला क्लिपिंग म्हणतात. छाटलेल्या तरंगातून मूळ सुरात नसलेल्या कंपनसंख्या निर्माण होतात.

रॉक गिटारवादक हे मुद्दाम करतात. मग स्टील गिटारवरच ते का खटकते? रॉकमध्ये फाटलेल्या आवाजात बहुधा षड्ज-पंचमाची जोडी वाजते. स्टील गिटारवर षड्ज-गंधारासारखे जवळचे सूर एकत्र वाजतात. पांढरी सहाचा षड्ज ४४० हर्ट्झचा धरला, तर पेटीच्या हिशेबाने त्याचा गंधार साधारण ५५४ येतो. आवाज फाटला की दोघांच्या फरकाचा, म्हणजे ११४ हर्ट्झचा, तिसराच आवाज खाली घुमू लागतो. दोन सप्तके खालचा षड्ज ११० वर आणि त्याचा कोमल ऋषभ ११६.५ वर असतो. म्हणजे हा पाहुणा ना षड्ज, ना ऋषभ. त्यात बार हलवून कंप दिला की तोही डुलतो. म्हणूनच एकेक तार स्वच्छ आणि दोन तारा एकत्र वाजवताच चिखल, असा अनुभव येतो.

कधी फाटतो, हे आधी ऐका

नखी तारेवर पडते त्या क्षणी आवाज फाटून पुढे स्वच्छ होत असेल, तर बहुतेक वेळा काहीच बिघडलेले नसते. सिग्नल जास्त आहे, इतकेच. पिकअप तारांच्या फार जवळ असेल तर स्क्रू फिरवून एक-दोन मिलिमीटर खाली घेऊन पाहावा. ॲम्पला दोन इनपुट असतील तर दुसऱ्यात जॅक लावावा. फेंडरच्या अनेक ॲम्पमध्ये दुसऱ्या इनपुटला सिग्नल निम्म्यावर येतो. यात खर्च शून्य.

व्हॉल्युम पेडलची सवयही तपासावी. कसलेला वादक नखी मारताना पेडल अर्धेच दाबतो आणि सूर विरू लागला की हळूहळू पुढे नेतो. नवशिका ते पूर्ण दाबून ठेवतो आणि प्रत्येक आघात प्रीॲम्पवर आदळतो.

उलट, सूर विरताना शेवटी फसफस ऐकू येत असेल तर सिग्नल जास्त असल्याचा प्रश्नच नाही. पेडलमधली ९ व्होल्टची बॅटरी उतरलेली असते, कुठे ड्राय सोल्डर असतो किंवा ट्रान्झिस्टर ॲम्पचे बायस बिघडलेले असते. पेडल हलवतानाच खरखर आली तर आतला पॉट मळला आहे. काँटॅक्ट क्लीनरने काम भागते. आणि एकाच सुरावर झणझण होत असेल तर ॲम्पच्या जाळीचा सैल स्क्रू, रिव्हर्बची स्प्रिंग, अगदी खोलीच्या खिडकीची काचसुद्धा बघावी.

दोष कोणत्या टप्प्यात?

सर्व इफेक्ट काढून गिटार, एक चांगली केबल आणि ॲम्प एवढेच ठेवावे. तरी घरघर राहिली तर मोबाइलवर एखादे गाणे अगदी हळू आवाजात लावून तो गिटारच्या जागी जोडावा. गाणे स्वच्छ वाजले तर दोष गिटारकडे किंवा केबलमध्ये. फाटले आणि ॲम्पला इफेक्ट लूप असेल तर तेच गाणे त्याच्या रिटर्नमध्ये द्यावे, म्हणजे प्रीॲम्प वगळला जातो. आता स्वच्छ झाले तर चोर प्रीॲम्पमध्ये. नाही तर पॉवर ॲम्प किंवा स्पीकर. एका वेळी एकच बदल करावा, नाही तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

स्पीकरची परीक्षा सोपी आहे. ॲम्प बंद करून कोन दोन्ही बाजूंना बोटांनी सारखा, अलगद दाबावा. घासल्याचा आवाज आला तर व्हॉइस कॉइल घासते आहे. मात्र सी-सिक्स्थ सुरावटीच्या पेडल स्टीलची सर्वांत खालची तार ६५ हर्ट्झपर्यंत उतरते. तिथे आठ इंची स्पीकर धापा टाकणारच. अनेक स्टील गिटारवादक १५ इंची स्पीकर पसंत करतात तो याचसाठी.

कार्यक्रमात वेगळेच घडते. गिटार थेट मिक्सरला जोडली जाते. मध्ये डीआय बॉक्स नसेल तर आवाज बोथट होतो, मग गेन वाढवला जातो आणि लाल दिवा लागतो. अशा वेळी साउंडवाल्याला फेडर खाली घ्यायला सांगून उपयोग नाही. फाटलेला आवाज फाटलेलाच राहतो, फक्त लहान होतो. गेनच कमी करायला हवा.

काय करू नये?

व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकर न जोडता कधीही चालू करू नये. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट उरलेले असू शकतात, त्यामुळे तो उघडणे जाणकार मेकॅनिकचेच काम. गुणगुण थांबावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे कमी नाहीत. स्टील गिटारवादकाच्या एका हातात धातूचा बार, दुसऱ्या हाताखाली ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या तारा आणि तोंडासमोर बहुधा माइक असतो. अशा ॲम्पमध्ये वीज उतरली तर तिला वाट मिळते ती वादकाच्या शरीरातून.