स्टिक आवळू नका, धरा! : ड्रमस्टिकची पकड आणि हाताची गोष्ट

आपल्या पॉडकास्टच्या या भागात आपण बोललो ते ड्रमस्टिकच्या पकडीबद्दल. ऐकायला वेळ मिळाला नसेल, किंवा पॅडसमोर बसून एकेक गोष्ट करून बघायची असेल, तर हे त्याचं लिखित रूप.

विषय निघाला तो एका नेहमीच्या तक्रारीवरून. क्लास लावून तीन-चार महिने झाले, साधा बीट जमतो, पण वेग वाढवला की दहा मिनिटांत हात भरून येतो. मग मुलाला वाटतं, आपल्या हातात ताकदच नाही. घरच्यांना वाटतं, हे याचं काम नाही. आणि ड्रमसेटवर कपडे वाळत पडायला लागतात! खरं तर बहुतेक वेळा दोष ताकदीचा नसतोच. स्टिक धरण्याऐवजी आवळलेली असते, एवढंच.

आधी टेकू शोधा

शाळेत तरफ शिकलो होतो, आठवतंय? तरफेला टेकू लागतो. स्टिकचा टेकू म्हणजे अंगठा आणि तर्जनी जिथे तिला चिमटीत धरतात ती जागा. अंगठ्याचं पेर एका बाजूला, तर्जनीचं पहिलं पेर दुसऱ्या बाजूला. काही वादक तर्जनीऐवजी मधल्या बोटावर टेकू घेतात, तेही चालतं.

पण स्टिकवर ही जागा नेमकी कुठे? साधारणपणे बुडापासून एक तृतीयांश अंतरावर. 5ए ही सर्रास मिळणारी स्टिक सुमारे 16 इंचांची असते, म्हणजे बुडापासून पाच-साडेपाच इंच. पण पट्टी घेऊन मोजत बसू नका. फक्त चिमटीत स्टिक धरा, बाकीची बोटं उघडी ठेवा, टोक थोडं वर न्या आणि पॅडवर पडू द्या. किती वेळा उसळते ते मोजा. आता चिमटी अर्धा इंच पुढे, मग अर्धा इंच मागे, असं करून बघा. जिथे स्टिक सगळ्यात जास्त वेळा उसळते, ती तुमची जागा. तिथे पेन्सिलीने खूण करा.

मग बाकीची तीन बोटं अलगद मिटा. ती स्टिकला टेकलेली हवीत, पण दाबणारी नकोत. हातात चिमणीचं पिल्लू आहे असं समजा. उडूही नये आणि चेंगरूही नये!

तळहात कुठे बघतो?

दोन्ही हातांत स्टिक सारखीच धरली की ती मॅच्ड ग्रिप. तिचे तीन प्रकार आहेत. तळहात जमिनीकडे असेल तर जर्मन ग्रिप. यात मनगट जास्त काम करतं, ठोका वजनदार येतो. अंगठा वर, छताकडे असेल तर फ्रेंच ग्रिप. यात बोटं काम करतात, हलका आणि जलद वाजवायला सोयीची. या दोन्हींच्या मधली ती अमेरिकन ग्रिप. शिकणाऱ्याने इथून सुरुवात करावी, कारण मनगट आणि बोटं दोन्ही वापरता येतात.

याशिवाय ट्रॅडिशनल ग्रिप आहे. तिच्यात डाव्या हाताचा तळवा वर असतो, स्टिक अंगठ्याच्या बेचक्यात बसते आणि अनामिकेवर टेकते. हे विचित्र दिसतं, पण कारण साधं आहे. लष्करी ड्रम खांद्याला अडकवलेला, एका बाजूला तिरका लोंबायचा. त्या तिरक्या पृष्ठभागावर डावा हात असाच सोयीने पोचायचा. पुढे ड्रम स्टँडवर आला, तरी जॅझवाल्यांनी ती पकड सोडली नाही. रोलिंग स्टोन्सचे चार्ली वॉट्सही तसेच वाजवायचे. बीटल्सचे रिंगो स्टार मात्र मॅच्ड ग्रिपवाले. म्हणजे चूक-बरोबर असं काही नाही. ड्रम कसा ठेवलाय आणि काय वाजवायचंय, यावर ठरतं.

मोठा आवाज दाबून येत नाही

हा मुद्दा ताशा वाजवणाऱ्यांनीही ऐकावा. ताशाच्या काड्या बारीक, ठोके जलद आणि मिरवणूक तासन्‌तास चालणारी. जोर चढला की मूठ घट्ट होते. पण आवाज वाढतो तो स्टिक किती उंचावरून आणि किती वेगाने येते त्यावर. मूठ आवळली की उलट उसळी मरते. मग प्रत्येक ठोक्यानंतर काडी तुम्हालाच वर उचलावी लागते आणि काम दुप्पट होतं. कातडं जी उसळी फुकट देतंय, ती घ्या की!

रोजची पाच मिनिटं

मेट्रोनोम 60 वर लावा. प्रत्येक टिकटिकीला दोन ठोके. उजव्या हाताने 8, मग डाव्याने 8. ठोका मारला की स्टिक आपोआप वर येऊ द्या, मध्ये अडवू नका. दोन्ही हातांचा आवाज सारखा येतोय का, तिकडे कान ठेवा. आठवडाभर सहज जमलं तर 64 करा. खांदे वर चढले, दात आवळले गेले किंवा श्वास रोखला गेला, तर परत खाली या. जॉर्ज लॉरेन्स स्टोन यांचं 1935 सालचं 'स्टिक कंट्रोल' हे पुस्तक आजही शिकवलं जातं, तेही उजव्या-डाव्या हाताच्या अशाच साध्या आलटापालटीवर उभं आहे.

शेवटचं आणि महत्त्वाचं. सुरुवातीला बोटाला थोडं घट्टं पडणं समजू शकतो. पण मनगट ठणकणं, बोटांना मुंग्या येणं, रात्री हात दुखणं हा रियाजाचा भाग नाही. थांबा, विश्रांती घ्या, आणि तरी राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. 'सहन केल्याशिवाय येत नाही' असं कुणी म्हणालं, तर एका कानाने ऐका आणि दुसऱ्याने सोडून द्या. हात टिकला तर वादन टिकेल.

तर मंडळी, आज पेन्सिलीची खूण कुठे आली, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर वाजवत राहा, पण सैल हाताने!