किनारा एक, सत्ता अनेक

रायगडच्या किनाऱ्यावर सत्तेची वाटणी पाण्यातही आखलेली आहे. थळचा कोळी १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, जाळं टाकतो ते राज्याच्या १९८१च्या कायद्याखाली. त्यापलीकडची मासेमारी सातव्या अनुसूचीनुसार केंद्राची. न्हावा-शेव्याचं बंदर केंद्राकडे, मांडवा महाराष्ट्र सागरी मंडळाकडे.

खरी गंमत जमिनीवर. हिरे व्यापारी नीरव मोदीचा किहीमचा बेकायदा बंगला घ्या. नियम केंद्राच्या किनारा नियमन अधिसूचनेचे, जप्ती अंमलबजावणी संचालनालयाची (ईडी), कारवाई जिल्हाधिकाऱ्यांची आणि पाठीमागे तगादा मुंबई उच्च न्यायालयाचा. बांधकाम इतकं दणकट की शेवटी खांबांना भोकं पाडून स्फोटकं भरली आणि ८ मार्च २०१९ रोजी तो उडवला. एक बंगला पाडायला एवढा लवाजमा!

सत्तेची ही वाटणी सगळीकडे सारखी नसते. अमेरिकेत घटनेने केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतात. आपल्याकडे कलम २४८ नुसार कोणत्याच सूचीत नसलेल्या विषयांवर कायदा संसद करते. ग्रामपंचायतीला घटनात्मक दर्जा मिळाला तो १९९३ मध्ये, ७३व्या दुरुस्तीने; पण किनाऱ्याचे नियम केंद्राचेच. म्हणून किनाऱ्यालगत घर बांधणार असाल, तर नुसत्या ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर विसंबू नका. भरतीरेषेपासूनचं अंतर मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यात आधी तपासून घ्या.