पुठ्ठा फाडून नेलेली कादंबरी

सप्टेंबर 1958. ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात व्हॅटिकनच्या दालनातल्या एका पडद्याआड सोव्हिएत पाहुण्यांच्या हाती गुपचूप एक जाडजूड पुस्तक दिलं जात होतं. बाहेर पडताच लोक त्याचा निळा कापडी पुठ्ठा फाडून टाकत आणि पानांचे गठ्ठे करून खिशांत कोंबत. पुस्तक होतं बोरिस पास्तरनाक यांचं ‘डॉक्टर झिवागो’. ही रशियन आवृत्ती अमेरिकेच्या सीआयएने छापवून घेतली होती. त्याची अधिकृत कागदपत्रं खुली व्हायला मात्र 2014 साल उजाडलं.

एका प्रेमकथेची सरकारांनी इतकी धास्ती घ्यावी?

कथा तशी साधी. पहिल्या महायुद्धात डॉक्टर युरी झिवागो आघाडीवर जातो. बेपत्ता नवऱ्याच्या शोधात परिचारिका झालेली लारा त्याला तिथल्या इस्पितळात भेटते. तो विवाहित, तीही विवाहित. पुढे क्रांती होते, यादवी पेटते. दोघं भेटतात, दुरावतात. वारिकिनोच्या बर्फात बुडालेल्या घरात लारा आणि तिची मुलगी झोपलेल्या असताना युरी रात्रभर कविता लिहितो आणि बाहेर लांडगे दिसतात. कादंबरीच्या प्रेमात पडलेला वाचक बहुधा याच पानांवर पडलेला असतो. योगायोगांची रेलचेल हा या कादंबरीचा दोष खराच. एवढ्या अफाट रशियात हीच माणसं पुन्हा पुन्हा एकमेकांसमोर कशी येतात, हे विचारायचं नाही!

‘नोवी मीर’ मासिकाने 1956 मध्ये लांबलचक पत्र लिहून हस्तलिखित नाकारलं. त्याआधीच, मे महिन्यात, पास्तरनाक यांनी त्याची एक प्रत इटालियन प्रकाशक फेल्ट्रिनेल्लीच्या माणसाकडे सोपवली होती. नोव्हेंबर 1957 मध्ये मिलानला इटालियन अनुवाद निघाला. पुढल्या ऑक्टोबरात नोबेल जाहीर झालं आणि मायदेशी लेखकावर अशी झोड उठली की, आठवडाभरातच त्यांना ते नाकारावं लागलं. निषेधाच्या सभा गाजवणाऱ्यांतल्या बहुतेकांनी कादंबरी वाचलेलीच नव्हती. तिकडे अमेरिकेत तिने खपाच्या यादीत ‘लोलिता’ला मागे टाकलं.

बंदीमुळे पुस्तकाचं नाव झालं, हे खरं. पण प्रेमाला ते कारण पुरत नाही. 2 जून 1960 ला पेरेदेलकिनो गावात पास्तरनाक यांचा दफनविधी झाला. वर्तमानपत्रांनी बातमी जेमतेम दिली होती. मॉस्कोच्या कियेव स्थानकावर कुणीतरी हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या. तेवढ्यावर शेकडो माणसं जमली. थडग्यापाशी कादंबरीतली ‘हॅम्लेट’ ही कविता म्हटली गेली. देशात न छापलेली ती कविता गर्दीतल्या कितीतरी जणांना पाठ होती.

डेव्हिड लीनचा चित्रपट 1965 मध्ये आला, पाच ऑस्कर घेऊन गेला. चित्रीकरण मुख्यतः स्पेनमध्ये झालं. तिथे बर्फ पुरेना, म्हणून संगमरवराची भुकटी पसरली. चित्रपट देखणा आहे, पण युरीच्या कविता त्यात जवळजवळ नाहीतच. कादंबरीचा अर्धा जीव त्यांत आहे.

अखेर 1988 मध्ये ‘नोवी मीर’नेच ती क्रमशः छापली.

आज ती हाती घेणाऱ्याने पहिली शंभरेक पानं धीर धरावा. रशियन नावांचा गुंता होतो. प्रत्येकाला तीन-तीन नावं. ती एका चिठोऱ्यावर टिपून ठेवावीत आणि आघाडीवरच्या इस्पितळापर्यंत पोहोचेतो पुस्तक खाली ठेवू नये.