पहाटे तीनचा दिवा

रमजानमध्ये पहाटे तीनच्या सुमारास दवनीवाड्यासारख्या गावात काही घरांत दिवे लागलेले दिसतात. एका घरात सहरीसाठी स्वयंपाक चाललेला असतो. दुसऱ्या घरातला शेतकरी, रात्रपाळीची वीज आली म्हणून उन्हाळी धानाला पाणी द्यायला बांधीकडे निघतो. तिसऱ्या घरात मात्र कुणीतरी नुसताच जागा असतो. खरिपाचे धान खरेदी केंद्रावर दिले, चुकारे अजून खात्यात नाहीत आणि सोसायटीच्या कर्जाची मुदत मार्चअखेर संपते. पहिल्या दोघांची झोप कामाने मोडते, तिसऱ्याची काळजीने.

संकट दिसले की शरीर सावध होते. अॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, छातीचे ठोके वाढतात. संकट टळले की सारे पूर्ववत होते. पण चुकाऱ्यांची वाट महिनोन्महिने पाहावी लागली, तर शरीरही तितकेच दिवस ताठलेले राहते. मग झोप उडते, घरात विनाकारण खेकसणे सुरू होते.

अशा वेळी रमजानचा दिनक्रम सर्वांनाच काही शिकवून जातो. नमाजच्या पाच वेळा म्हणजे दिवसातले पाच थांबे. नमाज न पढणाऱ्यालाही बांधीच्या धुऱ्यावर किंवा दुकानाच्या गल्ल्यावर पाच मिनिटे थांबता येते. मनात चार मोजेपर्यंत श्वास घ्यावा, सहा मोजेपर्यंत सावकाश सोडावा. श्वास सोडणे लांबले की ठोक्यांची गती उतरते.

रागाबाबत पैगंबरांची शिकवण अगदी व्यवहारी आहे. उभे असताना राग आला तर बसावे, तरीही शमला नाही तर आडवे व्हावे. वुजू, म्हणजे हातपाय व तोंड धुणे, हाही उपाय सांगितला आहे. तेवढ्या वेळात तोंडातून निघणारा शब्द आणि उठणारा हात दोन्ही थांबतात.

रोज्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत अनेकांचे डोके दुखते. भुकेबरोबरच एकदम तुटलेला चहाही त्याला कारणीभूत असतो. रमजानच्या आठवडाभर आधीपासून एकेक कप कमी केला तर हा त्रास हलका होतो. चहातले कॅफिन निम्मे उतरायलाच साधारण पाच तास लागतात. म्हणून रोजेदाराने चहा इफ्तारलाच घ्यावा, तरावीहच्या नमाजनंतर टाळावा. ज्यांची रात्र मोडते, त्यांनी दुपारी वीस-तीस मिनिटे डोळे मिटावेत. त्याहून लांबलेली झोप रात्रीची झोप खाते.

काळजीचे आकडे डोक्यात फिरवण्यापेक्षा वहीत लिहावेत. कुणाचे किती देणे, कधी, आणि त्यातले आज काय करता येईल? सोसायटीच्या सचिवाला भेटणे हे आजचे काम असू शकते. चुकारे कधी येतील, हे आपल्या हातात नाही. श्वास मोजून पैसे खात्यात येत नाहीत, हेही खरे. पण शांत डोक्याने सचिवाशी बोलता येते.

सर्वांत मोठा उपाय बोलण्याचा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' हा प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांनी घराघरांत मनाच्या आजाराविषयी बोलणे सुरू केले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण आधी 4.3 टक्के होते. दीड वर्षाच्या कामानंतर ते 27.2 टक्क्यांवर गेले. 2017 मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट सायकियाट्री'त प्रसिद्ध झाले. माणसे बोलायला तयार होती, विचारणारे हवे होते.

इफ्तारच्या दस्तरख्वानावर शेजारी बोलावला जातो, त्याचा धर्म विचारला जात नाही. तिथे खजुराबरोबर एक प्रश्नही पुढे करता येईल. 'धान कसे आहे?' हे सगळेच विचारतात. 'झोप लागते का?' हे विचारून पाहावे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि कामातले मन उडाले असेल तर डॉक्टरांकडे जायला हवे. जगणे नकोसे वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. 'टेली-मानस' ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. मनाच्या आजाराची किंवा मधुमेहाची गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच रोजा ठेवावा, गोळी परस्पर बंद करू नये. आजाऱ्याला रोज्यातून सवलत धर्मानेच दिली आहे.

सहरीला उठणाऱ्याला तो तिसरा दिवा खिडकीतून दिसतो. सकाळी त्या घराचे दार वाजवायला दोन मिनिटे पुरतात.