टस्कनीची द्राक्षवेल, अकलूजची माती

वसईच्या एव्हरशाईन सिटीत राहणाऱ्याला वाईन दोन वाटांनी भेटते. एक वाट रेल्वेमार्ग ओलांडून पश्चिमेला जाते. गिरीज, सांडोर, निर्मळ, नंदाखाल अशा गावांतल्या ख्रिस्ती घरांत नाताळाच्या आधी बरणीत मुरणारी गडद, गोड वाईन त्या वाटेवर असते. दुसरी वाट दुकानाच्या फळीपाशी संपते. तिथल्या बाटल्यांवरची नावं वाचून पुष्कळ जण हात मागे घेतात आणि नेहमीचंच काहीतरी उचलतात. त्याच फळीवर एक इटालियन नावाची लाल वाईन असते, फ्रॅटेली कंपनीची ‘सेट्टे’. बाटलीवरचं नाव इटालियन असलं तरी तिची द्राक्षं सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात, अकलूजच्या परिसरात पिकतात. इटलीतल्या जुन्या घराण्यांची लाल वाईन म्हणजे काय आणि तिचं बी महाराष्ट्रात रुजतंय का, हे समजून घ्यायला याहून चांगला धडा आपल्याकडे नाही.

‘घराण्याची वाईन’ हे इटलीतल्या टस्कनीत जाहिरातीपुरतं नाही. रिकासोली घराण्याचा ब्रोलियोच्या गढीशी संबंध ११४१ पासूनचा. अंतिनोरी घराण्यातला जोव्हान्नी १३८५ मध्ये फ्लॉरेन्सच्या वाईनवाल्यांच्या संघात दाखल झाला, आणि आज त्या घराची सव्विसावी पिढी, तीन बहिणी, कारभार पाहते. इतकी वर्षं एकाच जमिनीवर काढली की कोणत्या उतारावर कोणतं द्राक्ष लावावं, हा वाद हळूहळू मिटत जातो. कियांती या डोंगराळ पट्ट्याच्या हद्दी मेदिची घराण्यातल्या तिसऱ्या कोझिमोने १७१६ मध्ये फर्मान काढून ठरवल्या. द्राक्षांचं प्रमाण मात्र ठरायला आणखी दीडशे वर्षं गेली. बेत्तिनो रिकासोली इटलीचे पंतप्रधान झाले होते, पण वाईनच्या इतिहासात त्यांचं नाव आहे ते १८७२ च्या एका पत्रामुळे. सांजोवेझे या काळ्या द्राक्षातून वास आणि जोम येतो, कनायोलोने तिचा कडकपणा कमी होतो, आणि लवकर प्यायच्या वाईनमध्ये थोडं पांढरं मालवाझिया चालतं, असा त्यांच्या अनेक वर्षांच्या प्रयोगांचा निष्कर्ष होता.

पुढे या निष्कर्षाचा कायदा झाला आणि कायद्याने घोटाळा केला. १९६७ च्या नियमांनी कियांतीत निदान दहा टक्के पांढरी द्राक्षं सक्तीची केली. लाल वाईन त्यामुळे पातळ झाली. त्याच सुमारास टस्कनीतली जुनी वाटेकरी शेतीही मोडत होती. पिकाचा निम्मा वाटा मालकाचा आणि निम्मा कसणाऱ्याचा, असे नवे करार इटलीने १९६४ मध्ये बंद केले. कसणारी कुटुंबं शहरांकडे गेली आणि गहू, ऑलिव्ह, द्राक्षं एकत्र घेणाऱ्या शेतांच्या जागी एकपिकी बागा आल्या. अंतिनोरींनी मग १९७१ मध्ये ‘तिन्यानेल्लो’ काढली आणि काही वर्षांतच पांढरी द्राक्षं पूर्ण वगळून सांजोवेझेला काबर्ने सोव्हिन्यों या फ्रेंच द्राक्षाची जोड दिली. ही वाईन कियांतीच्या नियमांत बसत नव्हती, म्हणून तिच्यावर साध्या ‘टेबल वाईन’चा शिक्का बसला. तरीही ती नावाजली गेली. शेवटी नियमांनाच वाकावं लागलं. आज ‘कियांती क्लासिको’मध्ये किमान ऐंशी टक्के सांजोवेझे लागते, आणि २००६ पासून पांढऱ्या द्राक्षांना तिथे जागाच नाही.

परंपरा कशी तयार होते, ते यात दिसतं. ती आयती मिळत नाही. एखादं घराणं चुका करत, नियम मानत, वेळ आल्यावर मोडत, एका जमिनीला चिकटून राहतं आणि त्यातून ती घडते. आपल्याकडच्या वाईनचा विचार करताना मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

फ्रॅटेलीची स्थापना २००७ ची. तीन घरांतल्या भावांच्या जोड्या एकत्र आल्या: इटलीचे आंद्रेआ आणि आलेस्सिओ सेच्ची, दिल्लीचे कपिल आणि गौरव सेखरी, अकलूजचे रणजितसिंह आणि अर्जुनसिंह मोहिते-पाटील. सातवे होते टस्कनीतले वाईनतज्ज्ञ पिएरो मासी. सेट्टे म्हणजे सात. बाटलीचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव इथल्या मिळून सुमारे २४० एकरांवर युरोपातून आणलेली रोपं लावली गेली. अकलूज ही तर ऊस आणि सहकारी साखर कारखान्याची भूमी. उसाच्या तालुक्यात ठिबकवर वाईनची द्राक्षं लावणं म्हणजे पाण्याचा हिशेब मुळापासून बदलणं होतं. माळशिरसचा भाग पर्जन्यछायेत येतो आणि पाऊस बेताचाच पडतो. वाईनच्या द्राक्षाला हे मानवतं, कारण वेलीला थोडी तहान राहिली तर मणी लहान राहतो, रसाच्या मानाने साल जास्त मिळते आणि लाल वाईनचं सगळं सत्त्व सालीतच असतं.

खरी अडचण हवामानाची आहे. टस्कनीत हिवाळ्यात वेल झोपते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी होते. आपल्याकडे तिला झोपच नाही. थंडी इतकी पडत नाही की पानगळ होऊन सगळे डोळे एकदम फुटावेत. म्हणून महाराष्ट्रातला बागायतदार वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ज्यातून काडी तयार होते आणि त्या काडीत पुढच्या घडाचा पाया पडतो. मग पावसाळा संपताना, ऑक्टोबरच्या आसपास, गोडी छाटणी. तिच्यानंतर डोळ्यांवर फुटीसाठी पेस्ट लावतात, म्हणजे बाग एकसारखी फुटते. पीक येतं ते या दुसऱ्या छाटणीचं, आणि काढणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. टस्कनीत मणी उन्हाळ्याकडून थंडीकडे जाताना पिकतो, तर इथे तो थंडीकडून उन्हाळ्याकडे जाताना. शेवटच्या आठवड्यांत ऊन चढतं, साखर भराभर वाढते आणि आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो. काढणीला चार दिवस उशीर झाला तरी वाईन बोजड होते. म्हणून घड तोडायचे ते पहाटेच्या गारव्यात.

सेट्टेतल्या सांजोवेझेचा उपयोग इथे कळतो. या द्राक्षाचा स्वभावच आंबटपणा धरून ठेवण्याचा. रंग त्याचा फार गडद नसतो, साल पातळ असते, फळ उशिरा पिकतं. टस्कनीत हीच वैशिष्ट्यं डोकेदुखी ठरतात, कारण काढणीच्या वेळी पाऊस आला की पातळ सालीची द्राक्षं कुजतात. माळशिरसात जानेवारी-फेब्रुवारीत पावसाची भीती कमी आणि आंबटपणाची गरज जास्त. हा योग साधला, असं मला सेट्टे चाखून वाटतं. आंबट चेरीची आठवण देणारी चव, सुक्या पानांचा वास, आणि शेवटी जिभेला किंचित आवळणारा तुरटपणा. काबर्ने तिला अंग देते. ही जोडी अंतिनोरींच्या वाटेवरची आहे आणि ती पिएरो मासी यांच्यासारख्या टस्कनीच्या माणसाने इथे आणली, हे उघड दिसतं.

लाल वाईन कशी होते, तेही थोडक्यात सांगायला हवं. काळ्या द्राक्षाचा गर पांढराच असतो. रंग सालीत असतो, म्हणून रस सालीसकट आंबवायचा. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल करतं. लिटरमागे साधारण सतरा ग्रॅम साखर आंबली की अल्कोहोल एक टक्क्याने वाढतं. वर येणाऱ्या वायूबरोबर साली तरंगून जाड थर बसतो. तो मोडून पुन्हा पुन्हा रसात भिजवावा लागतो, नाहीतर रंग उतरत नाही आणि वरचा थर आंबून व्हिनेगर होण्याची भीती असते. नंतर मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल होतं आणि वाईन ओकच्या पिंपात मुरायला जाते.

टस्कनीची एक जुनी रीत वसईकरांना विशेष आवडावी. काढणीच्या वेळी थोडे घड बाजूला काढून चटईवर सुकवायचे आणि मुख्य वाईन आंबून होत आली की ते त्यात मिसळायचे. साखर वाढते, मंदावलेलं आंबणं पुन्हा जोर धरतं आणि वाईन लवकर पिण्याजोगी, मऊ होते. कियांतीत ही पद्धत शतकानुशतकं चालली. वसईच्या घरच्या वाईनमध्येही आधार असतो तो सुक्या द्राक्षांचाच. काळ्या मनुका, साखर, पाणी, यीस्ट, पुष्कळदा मूठभर गहू असं बरणीत भरून रोज लाकडी डावाने ढवळतात. सुमारे तीन आठवड्यांनी गाळतात आणि रंगासाठी जाळलेल्या साखरेचा पाक घालतात. वाईनचं ताजं द्राक्ष इथे कुठे मिळणार होतं? मनुका मात्र बाजारात बारा महिने मिळतात आणि त्यांत साखर आधीच एकवटलेली असते. राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी करणाऱ्या या भागाला फळ सुकवल्यावर काय होतं, ते शिकवावं लागत नाही. पोर्तुगीज इथे १५३४ ते १७३९ होते. त्यांच्या धर्मविधीत द्राक्षाची वाईन अनिवार्य होती. घरोघरच्या नाताळच्या बरणीला त्या काळानेच पाया घातला, असं मला वाटतं. दोन्हीकडे रीत पिढ्यान्‌पिढ्या घरातून घरात गेली. टस्कनीची व्यापारी बनली आणि वसईची सणापुरती राहिली, इतकाच फरक. घरची वाईन विकायला परवाना लागतो, म्हणून ती पाहुण्यांना देण्यापुरतीच असते. माझ्या मते ती तशीच असावी.

राज्याच्या धोरणाचाही यात वाटा आहे. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने वाईन उद्योगाला पाठबळ दिलं आणि नाशिकला विंचूर, सांगलीला पलूस इथे वाईन पार्क आले. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकायची परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, पण तीव्र विरोधामुळे तो अमलात आला नाही. विरोध करणाऱ्यांची काळजी मला समजते, कारण वाईन ही दारूच आहे. तेरा-चौदा टक्के अल्कोहोल काही कमी नव्हे, आणि ती हृदयाचं औषधही नाही. पण कायदा करताना या शेतीची गती धरायला हवी. वेल लावल्यापासून चांगली वाईन मिळेपर्यंत निदान पाच-सहा वर्षं जातात. इटलीतल्या मोंताल्चिनो गावची ब्रुनेल्लो तर काढणीनंतर पाचव्या वर्षाच्या जानेवारीपर्यंत बाजारातच येत नाही. दर निवडणुकीला धोरण बदललं तर कोणत्या बागायतदाराच्या मुलाने इतकी वर्षं थांबावं?

वर्षातून दोन छाटण्या सोसणारी आपली वेल लवकर थकते. टस्कनीत पन्नास वर्षांच्या बागा सापडतात. आपल्याकडे वीसेक वर्षांत पुनर्लागवडीचा विचार करावा लागतो. अकलूजच्या पहिल्या बागा त्या वयाजवळ येत आहेत. आता कोणत्या तुकड्यात काय लावायचं, हे निदान युरोपच्या पुस्तकावरून ठरवायला नको. इथल्याच पंधरा-सोळा हंगामांच्या नोंदी हाताशी आहेत.

बाटली घरी आणली तर एक गोष्ट पाळा. आपल्याकडच्या खोलीच्या तापमानाला लाल वाईन बेचव होते. उघडण्याआधी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा, सतरा-अठरा अंशांवर ती खुलते. सोबत टोमॅटोचा आंबटपणा असलेलं काही असू द्या, किंवा कमी तिखटाचं मटण. झणझणीत रश्श्याबरोबर वाईनचा तुरटपणा आणि मिरचीचा जाळ एकमेकांना वाढवतात, आणि तेलकट मासळीबरोबर तोंडात लोखंडासारखी चव येते. शक्य असेल तर साधी कियांती आणि सेट्टे एकाच संध्याकाळी, दोन ग्लासांत थोडीथोडी चाखा. बाटलीत उरलेली वाईन बूच लावून फ्रीजमध्ये तीन दिवस टिकते, त्यानंतर ती मटण शिजवायला वापरावी.