पांढऱ्या पेशींचा आकडा

सीबीसीच्या रिपोर्टमध्ये ‘टीएलसी’ किंवा ‘डब्ल्यूबीसी’समोर येते ती रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या. प्रौढांमध्ये ती एका मायक्रोलिटरला साधारण 4,000 ते 11,000 असते. आज मोजणी यंत्र करते. पूर्वी तंत्रज्ञ रक्तात वीसपट होईल इतके टर्कचे द्रावण मिसळत. त्यातल्या अ‍ॅसेटिक आम्लाने तांबड्या पेशी फुटत, जेन्शन व्हायोलेटने पांढऱ्यांची केंद्रके रंगत. मग चौकोन आखलेल्या काचेवर, सूक्ष्मदर्शकाखाली, चार कोपऱ्यांतल्या पेशी मोजून बेरजेला 50 ने गुणायचे. लहान प्रयोगशाळांत ही रीत अजूनही दिसते.

आकडा वाढला की घरात घबराट होते. पण जिवाणूसंसर्ग, स्टेरॉइड, गरोदरपण, एवढेच काय, जोरदार व्यायामानेही तो चढतो. डेंग्यूत उलट उतरतो. माझ्या मते एकूण आकड्यापेक्षा त्याखालची विभागणी अधिक बोलकी: न्यूट्रोफिल वाढले तर बहुधा जिवाणू, इओसिनोफिल वाढले तर अ‍ॅलर्जी किंवा जंत. संख्या लाखाच्या घरात गेली किंवा अपरिपक्व ‘ब्लास्ट’ पेशी दिसल्या, तर रक्ताच्या कर्करोगाची तपासणी लगेच हवी. केमोथेरपी चालू असताना न्यूट्रोफिल 500 च्या खाली आणि अंगात ताप असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.